हात-पाय चालतायत, मग स्ट्रोक कसा?

मागच्या अंकात चक्करीवर दोनच परिच्छेद लिहिले होते, जागा उरली म्हणून. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यातच गेला. गुडघेदुखीवाल्यांनी रागावू नये, पुढच्या वेळी नक्की. सगळे प्रश्न मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकचे, म्हणजे छोटा मेंदू आणि मेंदूचा देठ (ब्रेनस्टेम). नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ६२ वर्षांचे. बीपीची गोळी चालू होती पण बरं वाटलं की सोडून द्यायचे. एके दिवशी पहाटे पाचला उठले ते भिंत धरूनच, सगळं गरगर फिरतंय म्हणाले आणि लगेच उलट्या. दोघांनी धरलं तरी उजवीकडे कलंडत होते. गावातल्या डॉक्टरांनी पित्त झालंय म्हणून इंजेक्शन दिलं, दुपारी सीटी स्कॅन केला तो नॉर्मल आला, मानेचा मणका असेल म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हाका मारल्या तर डोळे उघडेनात. मग पळापळ, नाशिकला डोक्याच्या मागच्या बाजूला ऑपरेशन झालं. आता धरून चालतात. छोट्या मेंदूचा स्ट्रोक होता म्हणे. पण हात-पाय चालत होते, तोंड वाकडं नव्हतं, बोलणं कळत होतं, मग स्ट्रोक कसा? सीटी नॉर्मल कसा? आमचं काही चुकलं का?
– एक मुलगी, निफाड

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. तुमचं चुकलं नाही. घात केला तो शब्दाने. आपल्याकडे स्ट्रोकला काय म्हणतात? लकवा, अर्धांगवायू, नाहीतर पॅरालिसिसचा झटका. तिन्ही शब्द ऐकले की डोळ्यासमोर एकच चित्र येतं, एक बाजू लुळी आणि तोंड वाकडं. ते चित्र मेंदूच्या पुढच्या भागातल्या स्ट्रोकचं आहे. मागच्या भागाचा स्ट्रोक या शब्दात बसतच नाही, म्हणून घरच्यांना सुचत नाही आणि खरं सांगू का, कित्येकदा डॉक्टरांनाही सुचत नाही.

मेंदूला रक्त चार नळ्यांनी जातं. दोन गळ्यात पुढून, ज्यांचे ठोके बोटाला लागतात, आणि दोन मागून, मानेच्या मणक्यांना बाजूला भोकं असतात त्यातून ओवल्यासारख्या वर चढतात. या मागच्या दोघी कवटीत शिरल्यावर एक होतात, तिचं नाव बेसिलर. मेंदूचा देठ, छोटा मेंदू, आणि डोळ्यांनी पाहिलेलं समजून घेणारा मागचा भाग, हे सगळं या वाटेवर जगतं. रक्त अडून होणाऱ्या पाच स्ट्रोकमधला साधारण एक या मागच्या वाटेवरचा असतो, म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही.

आता छोटा मेंदू, शाळेच्या पुस्तकातलं अनुमस्तिष्क. आकाराने मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास एकट्या याच्यात. तो हाताला ताकद देत नाही, ताकद किती आणि कधी लावायची आणि कधी थांबायचं याचा हिशोब ठेवतो. त्यामुळे तो बिघडला की माणूस लुळा पडत नाही, बेहिशोबी होतो. पलंगावर झोपलेल्या तुमच्या वडिलांना कोणी म्हटलं असेल हात वर करा, पाय उचला, तर त्यांनी मस्त उचलले असणार. तपासणी संपली. त्याच वेळी कोणी त्यांना आधार न देता नुसतं पलंगाच्या कडेला बसवलं असतं ना, तर ते कलंडलेच असते. कानातल्या बिघाडाने चक्कर आलेला माणूस सहसा भिंतीला धरून का होईना उभा राहतो. ज्याला आधाराशिवाय बसताही येत नाही त्याच्याकडे संशयानेच बघायचं. मी शिकाऊ डॉक्टरांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आले, चक्करचा पेशंट उठवून, चालवून बघितल्याशिवाय घरी सोडायचा नाही, आणि तरी सोडतात.

उजवीकडे कलंडत होते म्हणजे बिघाड बहुधा उजव्याच बाजूचा. पुढच्या मेंदूचं उलट असतं, डावीकडे स्ट्रोक झाला की उजवा हात जातो. छोट्या मेंदूच्या तारा जाता-येता दोनदा बाजू बदलतात त्यामुळे फिरून आपल्याच बाजूला येतात.

सीटीचं म्हणाल तर तो मशीनचा दोष नाही. सीटीत रक्तस्राव लगेच दिसतो, पण गुठळीने अडलेला भाग पहिल्या काही तासात दिसेलच असं नाही, त्यातून मागच्या बाजूला कवटीचं हाड इतकं जाड की फोटोत पट्टे उमटतात आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. एमआरआय पुष्कळ बरा, पण तोसुद्धा पहिल्या एक-दोन दिवसात कधीकधी फसवतो. म्हणून सतत चक्कर चालू असलेल्या माणसाचे डोळे बघायची एक तीन भागांची तपासणी आहे, डोकं झटकन वळवल्यावर नजर टिकते का, बुबुळं कुठल्या दिशेला थरथरतात, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर-खाली आहे का. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाणत्या डॉक्टरच्या हातून ही तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही जास्त स्ट्रोक पकडते असं दिसलं. यातली गंमत अशी की डोकं झटकन वळवायची टेस्ट कानाच्या आजारात बिघडते आणि स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा नॉर्मल येते, म्हणजे इथे नॉर्मल हे वाईट. व्हिडिओ बघून घरी कोणाची मान झटकू नका प्लीज, मानेचं पुढे एका पत्रात येतंच आहे.

आणि तिसऱ्या दिवशी काय झालं ते. मागची कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा छोटा डबा. मेलेला भाग सुजतो, सूज दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते, आणि त्या डब्यात फुगायला जागाच नाही. शेजारून मेंदूतलं पाणी खाली उतरायची वाट असते ती दाबली जाते, वर पाणी तुंबतं, देठ चेपतो, आणि देठातच तर जागं राहायचं बटण आहे. म्हणून छोट्या मेंदूच्या मोठ्या स्ट्रोकमध्ये पहिले चार-पाच दिवस हॉस्पिटलातच काढावे लागतात, आणि 'आज जरा जास्तच झोपतायत, झोपू दे बिचाऱ्यांना' हे वाक्य तिथे धोक्याचं असतं. तुमच्या वडिलांचं मागचं हाड काढून सूजेला जागा करून दिली असणार. ऐकायला भयंकर वाटतं पण वेळेत झालं तर यातून माणसं खूप छान उठतात, कारण ताकदीच्या तारा शाबूत असतात.

पुढे कोणाला असं झालं तर लक्षात ठेवा, अचानक तोल जाणं, अचानक दोन-दोन दिसणं, अचानक गिळता न येणं, हे सगळं लकव्याइतकंच अर्जंट. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ साडेचार तासांची, आणि ती मोजायची माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून. पहाटे पाचला उठल्यावर कळलं तर घड्याळ रात्री झोपताना सुरू झालेलं. तरी जायचंच, कारण पुढे दुसरे उपाय असतात. १०८ ला फोन करा आणि शक्यतो जिथे एमआरआय आहे तिथेच न्या.

प्रश्न : मॅडम, मी स्वतः पेशंट. वय ४८, शुगर आहे, तंबाखू होती. दीड महिन्यापूर्वी एकदम चक्कर आली आणि पाच-दहा मिनिटं खोली चक्क उलटी दिसली, पंखा खाली आणि फरशी वर. घरचे म्हणाले भास झाला. मग आवाज बसला, पाणी प्यालं की ठसका, आणि उचकी लागली ती पाच दिवस थांबेना. आई म्हणत होती कोणतरी आठवण काढतंय. उजवी पापणी खाली आलीये. दाढी करताना उजव्या गालाला ब्लेड लागलं ते रक्त बघून कळलं. सगळ्यात विचित्र म्हणजे अंघोळीचं. उजव्या पायावर तांब्या ओतला की चटका बसतो, डाव्यावर तेच पाणी ओतलं की ओलं लागतं पण गरम लागतच नाही. चेहरा उजवा बधिर आणि अंग डावं, हे कसं काय? मित्र म्हणतात टेन्शन घेतोस.
– कोल्हापूर

उत्तर : दादा, टेन्शनने तांब्यातलं पाणी एका पायाला गरम आणि एका पायाला नुसतं ओलं लागत नाही. तुम्ही जे लिहिलंय ते जवळजवळ शब्दशः पुस्तकातलं आहे आणि खोली उलटी दिसणं हासुद्धा भास नाही, वर काय आणि खाली काय याची खबर देठातून जाते, ती चुकली की डोळे चांगले असून चित्र पालथं होतं. मिनिटा-तासात आपोआप सरळ होतं. लोक हे सांगतच नाहीत, वेड लागलं म्हणतील म्हणून.

मेंदूच्या देठाचे वरून खाली तीन भाग, मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला. तुमचा बिघाड सगळ्यात खालच्या भागाच्या उजव्या कडेला. याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात, जर्मन डॉक्टर अडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये याचं नेमकं वर्णन केलं आणि पेशंट जिवंत असतानाच बिघाड कुठे असणार हे सांगितलं, एमआरआय सोडा, तेव्हा साध्या एक्स-रेचा शोधही जेमतेम लागत होता. पण मला त्यांच्यापेक्षाही आवडतात ते जिनिव्हाचे डॉक्टर व्यूस्यू. त्यांना हाच आजार १८०८ च्या सुमारास स्वतःलाच झाला आणि एका बाजूच्या चेहऱ्याला आणि दुसऱ्या बाजूच्या अंगाला गरम-गार कळत नाही हे त्यांनी स्वतःच टिपून ठेवलं. म्हणजे तुमचा तांब्या दोनशे वर्षं जुना आहे.

आता उजवं-डावं. अंगाकडून येणाऱ्या दुखण्याच्या आणि गरम-गारच्या तारा पाठीच्या कण्यात शिरल्या शिरल्या बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या पायाची तार देठात पोचते तेव्हा ती उजव्या बाजूने चाललेली असते. चेहऱ्याची तार मात्र या उंचीवर अजून आपल्याच बाजूला असते, ती पुढे जाऊन ओलांडते. उजव्या कडेला घाव बसला की दोन्ही एकदम कापल्या जातात, उजवा गाल आणि डावं अंग. स्पर्शाची तार वेगळ्या रस्त्याने मधून जाते, ती वाचली, म्हणून डाव्या पायाला पाणी ओलं लागतं. ताकदीची तार पुढच्या बाजूने जाते, तीही वाचली, म्हणून तुम्हाला लकवा नाही आणि म्हणून मित्रांना हे टेन्शन वाटतं. पापणी, आवाज, गिळणं आणि उचकी यांची ठिकाणं त्याच कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेली. उचकी अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेली तर कोणाची आठवण वगैरे सोडा आणि डॉक्टरला गाठा, त्यावर औषधं आहेत.

काळजी दोन गोष्टींची. एक म्हणजे चटके. अंघोळीचं पाणी उजव्या हाताने बघायचं, डाव्याने नाही. शेकायची पिशवी डाव्या अंगाला बंद. बाईकच्या गरम सायलेन्सरला डावा पाय लागला तर तुम्हाला कळणार नाही, फोड आल्यावर दिसेल, आणि शुगर असल्यामुळे तो फोड महिनाभर पुरेल. रोज रात्री तळपाय बघायचे.

दुसरी, आणि जास्त मोठी, म्हणजे गिळणं. लोकांना वाटतं पातळ सोपं, भाकरी अवघड. उलट आहे. पाणी, चहा, पातळ ताक हे घशात इतकं भरभर उतरतं की ढिला पडलेला घसा वेळेवर बंद होत नाही आणि ते श्वासनळीत जातं. घट्ट दही, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, दाटसर पेज हे सोपं. पांढरा रस्सा सगळ्यात शेवटी, कोल्हापूरकराला हे सांगताना मलाच वाईट वाटतंय. मान उजवीकडे, म्हणजे दुबळ्या बाजूकडे, वळवून गिळलं तर घास चांगल्या बाजूने जातो, ही युक्ती खरी आहे पण आधी स्वॉलो थेरपिस्टकडून तपासून घ्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल किंवा ताप आला तर थांबू नका. आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही, गुपचूप फुप्फुसात जातं, म्हणूनच तपासणी.

बहुतेकांचं गिळणं काही आठवड्यात ते महिन्यात सुधारतं, काहींना मधल्या काळात नाकातून नळी लागते, त्यात लाज काही नाही. तुम्ही 'तंबाखू होती' लिहिलंय, भूतकाळात, ते तसंच राहू द्या. मिशरीसुद्धा तंबाखूच, हे बाकीच्या वाचकांसाठी.

प्रश्न : मी ४१. रात्री कुशीवर वळले की जोरात फिरतं, वीस-तीस सेकंद, मग ठीक. वर माळ्यावरचा डबा काढताना पण होतं. मधल्या वेळात काहीच नाही. मागचा अंक वाचल्यापासून झोप उडालीये, स्ट्रोक आहे का?
– कोथरूड

उत्तर : नाही हो, आणि माझ्या अंकाने झोप उडवली त्याबद्दल सॉरी. डोकं एका विशिष्ट दिशेला हललं की सुरू, मिनिटाच्या आत बंद, मधे तुम्ही धडधाकट, ही कानातले बारीक खडे जागेवरून हलल्याची चक्कर. ईएनटी डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे जागेवर आणतात, पुष्कळदा एकाच बैठकीत बरं वाटतं. इमर्जन्सीत चक्कर म्हणून येणाऱ्या शंभर लोकांत स्ट्रोकवाले जेमतेम तीन ते पाच असतात. वेगळं कधी समजायचं तर चक्कर तासन् तास थांबेना, किंवा सोबत डबल दिसणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, चालताच न येणं, किंवा मानेत-डोक्याच्या मागे कधी नव्हे असं दुखणं असेल तर. तुमच्यात यातलं काही नाही. महिनोन् महिने चक्करच्या गोळ्या मात्र खात बसू नका, त्या खडे हलवत नाहीत.

प्रश्न : वय २९, आयटीत आहे. दर महिन्याला सलूनमध्ये केस कापल्यावर हेड मसाज घेतो, शेवटी मान दोन्हीकडे कडकन मोडतात, भारी वाटतं. चार दिवसांपूर्वी मोडल्यापासून डाव्या बाजूला मान आणि डोक्याच्या मागे दुखतंय, असं आधी कधी दुखलं नव्हतं. आज सकाळी पाच मिनिटं सगळं डबल दिसलं आणि गेलं. पेनकिलर घेऊ का?
– ठाणे

उत्तर : हे उत्तर अंकाची वाट न बघता मेल आला त्याच तासाला फोनवर दिलं, आत्ता निघा म्हणून, आणि त्यांच्या परवानगीने इथे छापतेय. त्या दिवशीच्या अँजिओत, म्हणजे रक्ताच्या नळ्यांच्या फोटोत, मानेतल्या डाव्या मागच्या नळीला आतून चीर गेलेली दिसली. औषधं सुरू झाली, मोठा स्ट्रोक झाला नाही.

मागच्या नळ्या मणक्यांच्या भोकांतून जातात हे वर लिहिलं. सगळ्यात वरच्या मणक्यापाशी ही नळी एक वळसा घेऊन कवटीत शिरते, आणि मान जास्तीत जास्त फिरते तीही तिथेच. झटका बसला की आतलं अस्तर फाटू शकतं, त्या फटीत रक्त शिरतं, तिथे गुठळी बनते आणि तिचा तुकडा वर उडाला की स्ट्रोक. चीर आणि स्ट्रोक यात तास, दिवस, कधी एक-दोन आठवडेही जातात, त्यामुळे सलूनची आठवणही राहत नाही. पन्नाशीच्या आतल्या लोकांत स्ट्रोकचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने ब्यूटी पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर त्रास झालेल्या पाच बायकांबद्दल लिहिलं, तेव्हापासून 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नावच पडलं.

लगेच सगळ्यांनी घाबरायचं नाही, मान मोडून घेणाऱ्या हजारो लोकांना काहीच होत नाही. पण मिळतं काय, तर एक कडकन आवाज. मी माझ्या घरच्यांना करू देत नाही. न्हावीदादांना चंपी करा म्हणावं मनसोक्त, मान तेवढी सोडा.

प्रश्न : आमच्या मिस्टरांना, वय ५५, पाच आठवड्यांपूर्वी ब्रेनस्टेमचा स्ट्रोक झाला. हात-पाय-तोंड काहीच हलत नाही, गळ्याला भोक पाडून नळी टाकलीये. सगळे म्हणतात कोमात आहेत. पण मुलगी कॉलेजमधून आली की त्यांचे डोळे वर जातात, मी दोनदा तीनदा बघितलं. नर्स म्हणाली तसं आपोआप होतं. मला वेडी समजू नका.
– सोलापूर

उत्तर : वहिनी, तुम्हाला वेडी समजणारे चुकतायत असं मला वाटतं. आज त्यांच्या कानाशी जा, नाव घ्या आणि सांगा, ऐकू येत असेल तर वर बघा. मग म्हणा, आता खाली बघा. थोड्या वेळाने पुन्हा, आणि संध्याकाळी डॉक्टरांसमोर पुन्हा. सांगितल्याप्रमाणे डोळे गेले तर ते कोमात नाहीत, ते आत आहेत.

याला लॉक्ड-इन सिंड्रोम म्हणतात, आत कोंडलेला माणूस. प्लम आणि पोस्नर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टांनी १९६६ मध्ये हे नाव दिलं. देठाचा मधला भाग, पॉन्स, त्याच्या पुढच्या बाजूने मेंदूकडून खाली जाणाऱ्या सगळ्या हुकमाच्या तारा जातात, हाताच्या, पायाच्या, जिभेच्या, चेहऱ्याच्या. बेसिलर बंद झाली की त्या सगळ्या एकदम तुटतात. डोळे डावी-उजवीकडे फिरवणं पॉन्समध्येच, तेही जातं. पण डोळे वर-खाली करणं आणि पापणी उचलणं वरच्या मजल्यावर, मिडब्रेनमध्ये, ते वाचतं. ऐकणं, समजणं, आठवण, मुलीचा आवाज ओळखणं हे तर पुढच्या मेंदूत, ते पूर्ण शाबूत असू शकतं. म्हणून खोलीत त्यांच्यासमोर 'आता काही खरं नाही' असं बोलणाऱ्या नातेवाइकांना बाहेरच थांबवा. चिमटा काढला तर दुखतं त्यांना, तहान लागते, माशी बसलेली कळते.

वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, एवढं जमलं की पुढची पायरी अक्षरं. आणि इथे आपली लिपी फार उपयोगी पडते, इंग्रजीला हे सुख नाही. आपली वर्णमाला आधीच ओळींमध्ये लावलेली आहे. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ओळी लिहा, पहिली स्वरांची, मग क ची, च ची, ट ची, त ची, प ची, आणि शेवटी य पासून ज्ञ पर्यंत. तुम्ही बोट ठेवून विचारायचं, पहिली ओळ? दुसरी? हव्या त्या ओळीला ते वर बघतील. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्या. प आणि मग ट च्या ओळीतला ण, एवढ्यावर तुम्हाला पाणी कळेल. सुरुवातीला एका शब्दाला दहा मिनिटं लागतील आणि दोघंही दमाल. रोज दोनदाच करा, त्यांना आधी विचारून.

कधीकधी ते अचानक रडल्यासारखं किंवा हसल्यासारखं करतील, कारण नसताना. देठाच्या स्ट्रोकमध्ये भावनेचा ब्रेक सुटतो, त्याचा अर्थ दर वेळी मनात तसंच आहे असा नसतो, आणि त्यावर औषध आहे. डोळे कोरडे पडू देऊ नका, तेवढाच दरवाजा उघडा आहे. कुशी बदलणं, छातीचा फिजिओ, हे सगळं लॉक्ड-इन पेशंटमध्ये कोमाच्या पेशंटइतकंच लागतं. सुधारणा किती होईल हे मी पत्रावरून सांगणार नाही, एखादं बोट, मान असं हळूहळू परत येतं काहींना.

बाकी वाचकांसाठी एक. बेसिलर बंद पडलेल्या पेशंटमध्ये जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढता येते. २०२२ मध्ये चीनमधले दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यातल्या एकात असं केलेल्या शंभरातले ४६ जण तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर चालू शकण्याइतके बरे होते, नुसत्या औषधांवर २३. दुसऱ्यात सहा ते चोवीस तास उलटून गेलेल्यांनाही फायदा दिसला. म्हणून 'आता उशीर झाला' हे घरी ठरवू नका.

प्रश्न : माझ्या भावाला, वय ५०, तीन महिन्यांपूर्वी छोट्या मेंदूचा स्ट्रोक झाला. रिपोर्ट आता चांगले. पण पाय फाकवून झुलत चालतो, बोलणं तोडून तोडून, चहाचा कप तोंडापाशी आला की हात थरथरतो आणि सांडतो. रस्त्यात लोक म्हणतात सकाळीच घेऊन आलाय. त्याने बाहेर जाणं सोडलंय. शिवाय पूर्वी दुकानाचा सगळा हिशोब तोंडपाठ, आता साधी यादी करताना गोंधळतो आणि चिडतो.
– म्हापसा, गोवा

उत्तर : लोकांचं निदान शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदीच चूक नाही, प्यायल्यावर माणूस झुलतो कारण दारू छोट्या मेंदूलाही त्रास देते. फक्त तुमच्या भावाने घेतलेली नाही. आणि यापुढे घेऊही नये, एक पेगसुद्धा त्याला तीन पेगसारखा लागेल. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

कप तोंडापाशी आल्यावरच थरथर का, तर थांबायचं कुठे हे छोटा मेंदू सांगतो. पार्किन्सनचा हात स्वस्थ बसलेला असताना कापतो, याचा हात निशाण्याजवळ जाताना. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी या सगळ्याचं बारीक वर्णन केलं. त्यांचा एक पेशंट म्हणाला होता की माझा डावा हात आपोआप हलतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. तुमचा भाऊ दिवसभर हेच करतोय, म्हणून संध्याकाळी तो दमलेला आणि चिडका असतो.

हिशोबाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. छोटा मेंदू फक्त तोलाचा असं आम्हीसुद्धा शिकलो होतो, पण १९९८ पासून नीट माहीत आहे की त्याच्या बिघाडाने आखणी, शब्द सुचणं, आणि स्वभावसुद्धा बदलू शकतो. आळशी झाला म्हणू नका. एका वेळी एकच काम द्या, यादी कागदावर, आणि तो बोलत असताना वाक्य तुम्ही पुरं करू नका.

कपाचं सोपं आहे. कानवाला चिनीमातीचा कप काढून टाका, जड बुडाचा स्टीलचा पेला घ्या, अर्धाच भरा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून पेल्याने तोंडाकडे यायच्याऐवजी तोंडाने पेल्याकडे जायचं. चालताना पाय फाकवतो ते सुधारायला जाऊ नका, तो तोल सावरतोय. फिजिओ रोज, कंटाळा येईपर्यंत तेच तेच, कारण उरलेला छोटा मेंदू पुनःपुन्हा करूनच शिकतो. तीन महिने म्हणजे अजून सुरुवातच आहे. वळताना आणि चालता चालता बोलताना पडायची भीती जास्त, वळायचं तर थांबून वळायचं. स्कूटर डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत नाही.

बाहेर काढायचं असेल तर एकदम म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीत नेऊ नका. गुरुवारी सकाळी सात-साडेसातला न्या, रस्ते मोकळे असताना, हातात काठी द्या. काठीचा तोलाला किती उपयोग होईल सांगता येत नाही, पण काठी बघितली की लोक 'घेऊन आलाय' म्हणत नाहीत.